काळी एकची पांढरी एक झाली होती

दादर, मुंबई
रविवार, दुपार

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, त्या खोलीतलं निम्मं सामान काढून टाक, पॅकर्सवाले खोक्यांवर पैसे लावतात." पटलं मला. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला निघालीय, भाड्याच्या दोन खोल्यांत हा पसारा मावायचा नाही. म्हणून सकाळी चहा झाल्याबरोबर खोकी घेऊन बसले. तिसरंच खोकं भरताना आजोबांच्या भजनाच्या कॅसेटी हाती लागल्या आणि कामाचे बारा वाजले.

कॅसेट डेक मी मागच्याच महिन्यात उघडला होता. आतला रबरी बेल्ट वितळून त्याचं डांबर झालेलं. कापसाच्या काड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दोन संध्याकाळी ते खरवडत होते. नवा बेल्ट घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेले, तर पहिल्या दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "काकू, ब्लूटूथ स्पीकर घ्या ना." दुसऱ्याकडे बेल्टांचा जुडगाच टांगलेला होता. अंदाजाने एक उचलला.

अंदाज चुकला. आज टेप लावली तर आजोबांना सर्दी झाल्यासारखा आवाज. आधी वाटलं, टेपच खराब झाली. मग वाजवायची पेटी (हार्मोनियम) काढली. आजोबा कायम काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून गायचे, त्यात कधी बदल नाही. टेपवरचा सा मात्र काळी एकशी जुळेना. तिच्या लगतच्या खालच्या पट्टीशी, पांढरी एकशी, बरोबर जुळला. म्हणजे आख्खं गाणं अर्ध्या स्वराने खाली उतरलं होतं! अर्धा स्वर म्हणजे वेगात साधारण ६ टक्क्यांचा फरक. घड्याळ लावून पाहिलं, ४५ मिनिटांची बाजू ४८ मिनिटांच्या आसपास चालली. बेल्ट सैल होता, घसरत होता. लहान मापाचा घातला आणि राहिलेला बारीक फरक मोटरच्या मागच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून काढला. एक केसभर फिरवायचं, पेटीवर बोट ठेवून ऐकायचं, पुन्हा केसभर. जुळलं तेव्हा घरात कुणी नव्हतं, नाहीतर मिरवलं असतं.

आता डेकची वायर तू टाकून दिलेल्या लॅपटॉपला लावलीय. टाकून दिलेल्याच म्हणते, कारण 'स्लो झालाय' म्हणून तू तो माळ्यावर ठेवला होतास. मी त्यात एसएसडी टाकली, लिनक्स टाकलं, आता आवाज उतरवून घ्यायचं ऑडासिटी सॉफ्टवेअर झकास चालतं. ४५ मिनिटांची एक बाजू कच्च्या फाइलमध्ये साडेचारशे एमबीच्या वर जाते. जाऊ दे, हार्ड डिस्क खोक्यात कितीशी जागा अडवते?

पण टेपला घाई चालत नाही. ४५ मिनिटांचं गाणं ४५ मिनिटांतच उतरतं. त्यात या डेकचं आपोआप थांबणं बिघडलंय, म्हणून उठून जाता येत नाही. बसल्या बसल्या करायचं काय, तर तुला पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास.

वरचा निळा डाग दिसला का? तो आजोबांच्या ड्रॉपरने शाई भरायच्या पेनाचा. त्या पेनात शाई अर्ध्यावर आली की उरलेल्या जागेत हवा असते. हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला निबेतून बाहेर ढकलते. म्हणून आजोबा शाई संपायची वाट न बघता भरत. मी भरली नाही, काजूच्या डब्यात अडकलेली दौत शोधायचा कंटाळा केला. दौत कॅम्लिनची. दांडेकरांनी १९३१ साली गिरगावात हॉर्स ब्रँड शाईने सुरुवात केली, हे आजोबा घरच्या माणसाचं कौतुक सांगावं तसं सांगत.

कागद मात्र चांगला जाड आहे, १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम). ७०च्या कागदावर शाई फुटते, अक्षराला मिशा येतात. अब्दुल रहमान स्ट्रीटला गेले की असला कागद आणि वह्या घेतल्याशिवाय परत येववत नाही, हे तुझ्या बाबांना सांगू नकोस. आज मोजल्या, २३ कोऱ्या वह्या निघाल्या. त्या टाकवतही नाहीत आणि इतक्या चांगल्या वहीत वाण्याची यादी लिहवतही नाही. त्या येणार. दोन खोकी.

पुस्तकं मी सोडली, म्हणजे बरीचशी. फाउंटनच्या फूटपाथवरून आणलेली इंग्रजी कादंबऱ्यांची चळत रद्दीवाला घेऊन गेला, दिवाळी अंक शेजारच्या काकूंनी नेले. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून पुस्तकं सांभाळतंय, त्याच्या भरवशावर मी कपाट रिकामं केलं. तुझी लहानपणची चित्रांची पुस्तकं मात्र वह्यांच्या खोक्यात तळाशी गेली आहेत. चुकून.

हं, सांगायचं राहिलं. दुसऱ्या बाजूला मधेच कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत. चौथीच्या आधी तू येतोस, चारेक वर्षांचा असशील, आणि "पेटी मला, पेटी मला" म्हणून भोकाड पसरतोस. आजी दबक्या आवाजात म्हणते, "गप रे, टेप चालू आहे." आजोबा गातच राहतात, फक्त पेटीचा एक स्वर भलताच वाजतो. तुझं बोट पडलं असणार. कुकर कापता येईल, तेवढी आज्ञा ऑडासिटीला देता येते मला. तुझं बोट कापायचं की ठेवायचं ते तू कळव.

येताना एक बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन ये. माझा कुठल्यातरी खोक्यात पॅक झाला.

तुझी
आई