औषध २५ डॉलरचं झालं, हिशेब कोणी ठेवायचा?

महोदय,

‘ऑस्ट्रेलियात औषधे स्वस्त’ ही आपल्या अंकातली बातमी वाचली. बातमी खरी आहे. पीबीएस या सरकारी अनुदान योजनेतल्या औषधासाठी सर्वसाधारण रुग्णाला २०२२ मध्ये ४२.५० डॉलरपर्यंत भरावे लागत. १ जानेवारी २०२६ पासून ही मर्यादा २५ डॉलर झाली. पेन्शनर आणि कन्सेशन कार्ड (सरकारी सवलतीचं कार्ड) असलेल्यांचे ७.७० डॉलर २०२९ अखेरपर्यंत वाढणार नाहीत. मी मेलबर्नमध्ये फार्मासिस्ट आहे, म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूचं थोडं सांगते.

हे पैसे दर औषधामागे लागतात, ते बातमीत नव्हतं. जुन्या, स्वस्त गोळ्या मुळातच २५ च्या आत मिळतात, त्यांचा प्रश्न नाही. पण रक्त पातळ करणारी नवी गोळी, मधुमेहाची एम्पाग्लिफ्लोझिन आणि दम्याचा पंप एकदम घ्यायचे म्हटले, तर कार्ड नसलेल्याचे पाऊणशे डॉलर सहज जातात. मग मागच्या रांगेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारणा होते, “यातलं एखादं पुढच्या महिन्यात नेलं तर चालेल ना?” मागे राहतं ते दुखणं थांबवणारं औषध कधीच नसतं. गुठळी होऊ नये म्हणून घ्यायची गोळी राहते, कारण ती चुकवली तरी आज काहीच होत नाही. कॅनडातल्या क्यूबेकने १९९६ मध्ये वृद्धांवर आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांवर औषधखर्चाचा असाच वाटा टाकला, तेव्हा त्यांची आवश्यक औषधंही कमी झाली आणि इमर्जन्सीतल्या फेऱ्या वाढल्या.

यावर इथे उपाय आहे, सेफ्टी नेट. कार्डवाल्याने वर्षभरात २७७.२० डॉलर, म्हणजे ३६ औषधांचे पैसे भरले की ३१ डिसेंबरपर्यंत पुढची औषधं फुकट. त्याच औषधाचा स्वस्त पर्याय असताना महागड्या ब्रँडचाच हट्ट धरला तर त्याचे वरचे पैसे यात धरत नाहीत. खरी अडचण हिशेबाची. एकाच दुकानात घेतलं तर तिथला संगणक बेरीज ठेवतो. दोन ठिकाणी घेणाऱ्याने ती स्वतः फॉर्मवर लिहून घ्यायची. नवरा-बायकोची बेरीज एकत्र होते, पण मागितली तर. एका काकूंनी पिशवीतून रबरबँड लावलेला पावत्यांचा गठ्ठा काढला. काकांची औषधं घराजवळून, काकूंची मुलीच्या घराजवळून. मर्यादा केव्हाच उलटून गेली होती आणि त्या दर वेळी ७.७० मोजत होत्या. जास्तीचे पैसे परत मागता येतात, पण ते आधी माहीत हवं ना!

आम्ही औषध दिलं की त्याची नोंद त्याच क्षणी सरकारकडे जाते, कारण अनुदान आम्हाला तिथूनच मिळतं. नोंद सरकारदरबारी असताना सत्तरीच्या माणसाला बेरीज करायला का लावायची? २०२३ मध्ये बऱ्याच औषधांचा दोन महिन्यांचा साठा एकाच शुल्कात द्यायचं ठरलं, तेव्हा उत्पन्न घटेल म्हणून दुकानमालकांनी केवढा गदारोळ केला. (माझे मालकही त्यात होते.) या बेरजेसाठी मात्र कोणी आवाज करत नाही.

ज्यांचे आईवडील इथे कायमचे राहायला येतात त्यांनी सगळी औषधं एकाच दुकानातून घ्यावीत आणि दोघांचा हिशेब एकत्र करायला पहिल्याच दिवशी सांगावं. कन्सेशन कार्ड त्यांना लगेच मिळत नाही, हेही धरून चालावं. व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्यांना मात्र यातलं काहीच लागू नाही, कारण एकमेकांच्या नागरिकांना आरोग्यसेवा देण्याचा करारच ऑस्ट्रेलियाचा भारताशी नाही.

— एक मराठी फार्मासिस्ट, मेलबर्न