परळच्या फ्लॅटविषयी

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, लोअर परळच्या फ्लॅटसाठी देवरुखचे घर विकण्याची बोलणी तुम्ही सुरू केल्याचे काकांकडून कळले. फोनवर हा विषय निघाला की तुम्ही "पैशांची काळजी करू नकोस" म्हणता आणि फोन आईकडे देता, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

फ्लॅट उत्तम आहे, यात शंका नाही. बत्तिसाव्या मजल्यावरून महालक्ष्मीचे रेसकोर्स आणि त्यापलीकडचा समुद्र दिसतो. जाहिरातीत क्षेत्रफळ 1,200 चौरस फूट लिहिले असले, तरी प्रत्यक्ष चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, 760 चौरस फूटच आहे. 2016च्या रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवहारांच्या नियमनाच्या, कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या ठरवून दिली असतानाही दलाल अजून मोठाच आकडा आधी सांगतात. कागदपत्रे मात्र स्वच्छ आहेत. भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि खरेदीच्या नोंदणीचा उतारा, म्हणजे इंडेक्स 2, आम्ही वकिलांकडून तपासून घेतले.

किंमत 5 कोटी आहे. एवढ्या रकमेच्या घराला बँक जास्तीत जास्त 75 टक्के कर्ज देऊ शकते, म्हणजे सव्वा कोटी आपल्या खिशातून घालायचे. त्यावर मुंबईचे 6 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 30 लाख, कर्जात धरले जात नाही. घर केवळ माझ्या नावावर घेतले तर महिलांच्या सवलतीमुळे त्यातला एक टक्का सुटतो. ठाण्याचे घर विकून आणि आमची बचत घालून एक कोटीची सोय होते. उरलेली रक्कम तुम्ही देवरुखचे घर आणि मुदत ठेवी मोडून भरणार आहात, आणि नेमके तेच मला मान्य नाही.

तुम्हाला हाच फ्लॅट का हवासा वाटतो, हे मी जाणते. ज्या गिरणीत तुम्ही साच्यांवर काम केलेत, तिच्याच जमिनीवर हा टॉवर उभा आहे. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि तुमच्यासारखे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यातले कित्येक पुन्हा कधीच आत गेले नाहीत. 1991च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला आणि एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला मिळायचा होता. 2001 साली नियम बदलून ही वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या रिकाम्या जागेपुरती ठेवली गेली, आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. म्हणून त्या जमिनीवर लेकीचे घर व्हावे ही तुमची इच्छा मला हळवेपणा वाटत नाही. परंतु त्या जमिनीवर तुमचा जो हक्क होता, तो आज तुम्ही संपानंतर गावी जाऊन, उधारीवर दुकान चालवून बांधलेले घर विकून विकत घ्यावा, हे मला अन्यायाचे वाटते.

आईचाही विचार करायला हवा. आई, तुझे गुडघे पाहता लिफ्ट बंद पडली तर बत्तीस मजल्यांचे काय करायचे? देवरुखला तू दार उघडून अंगणात जातेस, शेजारणी हाक मारतात. इथे केईएम जवळ आहे, टाटा रुग्णालय जवळ आहे, आचार्य अत्रे चौकात आता भुयारी मेट्रोही आली आहे, आणि या सोयी खऱ्याच मोलाच्या आहेत. पण राहायला यायचे तर मन मानेल तेव्हा यावे आणि मन मानेल तेव्हा स्वतःच्या घरी परतता यावे. ते घरच नसेल तर येणे-जाणे तुमच्या हाती राहणार नाही.

मुलांच्या नावे सगळे करून दिल्यानंतर आई-वडिलांची आबाळ होते, म्हणून 2007 साली ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा करावा लागला. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास परत मागण्याची सोय त्याच्या कलम 23 मध्ये आहे. तुम्हाला आमच्याविरुद्ध तशी वेळ येणार नाही याची मला खात्री आहे, तरीही तुमची सुरक्षितता आमच्या चांगुलपणावर सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

आम्ही मालकांना या फ्लॅटसाठी नकार कळवला आहे. ना. म. जोशी मार्गावर जुन्या, चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचे एक लहान घर विक्रीला आहे. ते आमच्या पैशांत बसते, आणि त्याची कागदपत्रे वकील या आठवड्यात पाहतील. बाबा, ते घर पाहायला तुम्ही या आणि भिंतींना ओल आहे का ते तुमच्या नजरेने सांगा. तोपर्यंत देवरुखच्या घराचा इसार कोणाकडूनही घेऊ नका, आणि घेतला असेल तर लगेच परत करा.

तुमची,
ताई