पणजोबांच्या सैनिकी नोंदींसाठी आभार

पहिल्या महायुद्धात स्वेच्छेने भरती झालेल्या आमच्या पणजोबांच्या सेवेच्या नोंदी शोधताना ज्यांनी आपले नाव कुठेही न येऊ देता मदत केली, त्या सर्वांचे आम्ही पुणेकर कुटुंबीय मनःपूर्वक आभार मानतो.

घरी उरले होते ते एक काळवंडलेले पदक आणि एक मोडी पत्र. त्या युद्धातील पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे, ही माहिती एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी दिली आणि भिंग धरून, झिजलेल्या अक्षरांवर नख फिरवत, ‘११० मराठा’ एवढे त्यांनीच वाचून दाखवले. पुढचा सारा शोध त्या एका ओळीने सुकर झाला, कारण ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती आणि मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपासमार सोसून ही डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली.

मोडी पत्र उलगडून देणाऱ्या ताईंचे ऋण तर शब्दांत मांडणे कठीण आहे. मानधन नाकारून त्यांनी प्रत्येक ओळीचे बाळबोध (देवनागरी) लिप्यंतर केले, तेव्हा स्वतःच्या हालांविषयी अवाक्षर न काढता ‘शेतसारा वेळेवर भरणे’ असे बजावणारे पणजोबा आम्हाला प्रथमच भेटले.

खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत स्मारकावरील नावे आमच्यासोबत तपासणाऱ्या गृहस्थांचे, तसेच जुनी रजिस्टरे तत्परतेने काढून देणाऱ्या कर्मचाऱ्यांचेही आम्ही आभारी आहोत.