होम्पेशला एवढं झोडपू नका

मा. संपादक,
रविवारच्या पुरवणीत माल्टावरचा लेख वाचला, छान होता, पण तिथे राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या नाइट्सचा (लढवय्या ख्रिस्ती धर्मसंघाचा) माल्टातला शेवटचा ग्रँडमास्टर, म्हणजे प्रमुख, फर्डिनांड फॉन होम्पेश याला सरळ भित्रा ठरवून टाकलंय ते काही पटलं नाही. अहो, हा माणूस जुलै 1797 मध्ये गादीवर आला, नाइट्सचा पहिलाच जर्मन प्रमुख, आणि वर्ष पण झालं नाही तर जून 1798 ला इजिप्तला निघालेला नेपोलियन आख्खं आरमार घेऊन दारात. अर्ध्याहून जास्त नाइट्स फ्रेंच, ते आपल्याच लोकांवर तोफा कशाला डागतील? त्यात फ्रेंच क्रांतीने फ्रान्समधल्या जमिनी आधीच जप्त केलेल्या, म्हणजे तिजोरीत खडखडाट. 1530 पासूनचं नाइट्सचं राज्य दोन-तीन दिवसात गेलं. चुकला तो, तयारी काहीच नव्हती हे मान्य, पण सगळं खापर त्याच्याच डोक्यावर? पुढच्याच वर्षी पद सोडावं लागलं, 1805 ला फ्रान्समध्येच मोंपेलिएला वारला. माल्टातलं झाबार गाव मात्र अजून त्याच्या नावाने ‘चित्ता होम्पेश’ (म्हणजे होम्पेशचं शहर) म्हणवतं, तेवढं तरी लेखात यायला हवं होतं.

एक वाचक, इंदूर