अंतर तेवढंच, मग वेळ का वाढला?

मा. नागरी विमान वाहतूक मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

दोन शहरांमधलं अंतर काही वाढत नाही. तरीही अनेक मार्गांवर वेळापत्रकातला प्रवासाचा वेळ हळूहळू लांबत गेला आहे. यामागचा हिशेब प्रवाशांसमोर मांडायला आपण विमान कंपन्यांना भाग पाडावं, एवढ्यासाठी हे पत्र.

काही कारणं रास्त आहेत, त्याबद्दल वाद नाही. लंडन ते न्यूयॉर्क सर्वांत जवळच्या मार्गाने सुमारे ५,५५० किलोमीटर. पण पश्चिमेकडे जाताना जेट प्रवाहाचा, म्हणजे खूप उंचावरून पूर्वेकडे वेगाने वाहणारा, वारा तोंडावर येतो, म्हणून जायला परतीपेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये याच वाऱ्याच्या जोरावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि हेल्सिंकी-टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या घरात गेला. वारा आणि युद्ध कंपन्यांच्या हातात नाही, कबूल.

तक्रार वेगळीच आहे. तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतोच. विमान गेटवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि पलीकडच्या गेटला लागलं की थांबतं. मधलं रांगेत खोळंबणं, आकाशात घिरट्या घालणं, सगळं त्यात धरलेलं. त्यावर कंपनी आणखी थोडी मिनिटं पदरची घालते. मग अर्धा तास उशिरा निघालेलं विमानही ‘वेळेवर’ उतरतं, आणि बऱ्याच ठिकाणी पंधरा मिनिटांच्या आतला उशीर तर उशीर म्हणून मोजतच नाहीत. वक्तशीरपणाचे तक्ते असे सजतात. पेपर स्वतःच काढायचा, स्वतःच तपासायचा, मग नापास कोण होणार?

पोचण्याची वेळ म्हणजे नेमकी कोणती, हाही घोळच. गेटला लागलेल्या विमानात सगळे मान वाकडी करून, बॅगा छातीशी धरून उभे आणि दार बंदच, हे कुणी अनुभवलेलं नाही? युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलं आहे की विमानाचं किमान एक दार उघडेल, ती पोचण्याची वेळ. आपणही तीच धरावी.

तिकीट विकताना हवेतला वेळ आणि गेट ते गेट वेळ वेगवेगळे छापायला लावा. शेजारी त्या मार्गावर गेल्या हंगामात प्रत्यक्ष किती वेळ लागला, तेही येऊ द्या. पुढचं विमान पकडायचं असलेल्याला त्याच आकड्याची गरज असते.

ही माहिती जमवणं अवघड आहे, असं कंपन्या आपल्याला सांगतील. गेट सोडलं, उड्डाण केलं, उतरलं, गेटला लागलं, या चारही वेळा बहुतेक प्रवासी विमानं आपोआप कंपनीला कळवतात. त्या नोंदीच मागवून घ्या.

आपला,
एक प्रवासी