सातबारा नसलेल्यांचा कापूस

मा. संपादक,
स. न.

२०२५ च्या ऑगस्टात सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढलं, आणि शेतकरी बुडाला अशा बातम्या पेपरात रोज येऊ लागल्या. खरं आहे. पण एकाच गावात सगळे सारखे बुडत नाहीत, म्हणून लिहिते आहे.

आम्ही ४ एकर वावर मक्त्याने, म्हणजे मालकाकडून भाड्याने घेऊन, करतो. २०२० च्या मार्चात लॉकडाऊन लागला तेव्हा आमचा १२ क्विंटल कापूस घरातच होता. सरकारी खरेदी बंद पडली. पुन्हा सुरू झाली ती टोकनवर, आणि नोंदणीला सातबारा हवा, त्यावर कापसाचा पेरा हवा. सातबारा मालकाच्या नावाचा. कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, या भीतीने मालक कागद देत नाहीत, आणि आम्ही लेखी मागितलं तर पुढच्या साली वावर दुसऱ्याला जातं. आमची खोली एकच. मे लागला तसे कापसातले किडे अंगावर चढू लागले, लहान्याची मान खाजवून खाजवून सोलून निघाली. सगळे अंगणात झोपायचो. शेवटी गावच्या व्यापाऱ्याला क्विंटलला ४,२०० ने देऊन टाकला. मालकाचा गेला हमीभावाने, ५,५५० ने. आमचे १६,२०० रुपये गेले.

रेशनचा माणशी ५ किलो तांदूळ फुकट मिळाला, उपाशी कुणी राहिलं नाही, हे मी नाकारत नाही. पण मोठी त्याच साली दहावी पास झाली होती. अकरावीचे वर्ग मोबाईलवर, आणि मोबाईल काही घेता आला नाही. पुढच्या जूनमध्ये तिनेच शाळेचं नाव काढलं नाही. आज ती माझ्या शेजारच्या पातीत कापूस वेचते.

२०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ८,११० आहे, नोंदणी अ‍ॅपवर आहे, आणि तिथेही सातबाराच मागतात. गावात ६,७०० च्या वर कुणी बोलत नाही. ई-पीक पाहणीत, म्हणजे शेतातल्या पिकाच्या सरकारी नोंदीत, जमीन कोण कसतो याचा एक रकाना ठेवावा, आणि त्याने मालकी किंवा कुळाचा हक्क लागत नाही असं तिथेच छापावं. म्हणजे मालकही घाबरणार नाहीत. माझी एवढीच विनंती आहे.

आमचे ९ क्विंटल पुन्हा त्याच खोलीत पडून आहेत. संक्रांतीपर्यंत थांबू, मग बचत गटाचा हप्ता आहे.

– मक्त्याने शेती करणारी एक बाई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ