तिरकी बसलेली चिप

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा आईने विचारलं, "एवढ्या थंड फ्रिजमध्ये ठेवतेस तरी काय?" मी घाईत "चिप" म्हणून फोन ठेवला. आता नीट सांगते.

नखाएवढ्या चिपवर नायोबियम धातूची केसाहून बारीक रेघ असते. शून्याखाली 264 अंशांना हा धातू विजेला अडवणंच सोडतो. मग त्या रेघेत सोडलेली मायक्रोवेव्ह सेकंदाला सात अब्ज हेलकावे खात घुमत राहते. तांब्यात ती फार लवकर विझते. बाबा, कारखान्यात सगळे माग खडखडत असताना एकाचा आवाज बदलला, की तुम्ही हातातला चहा ठेवून उठायचात. कांडी तरी संपलेली, नाहीतर धागा तरी तुटलेला. माझी रेघ तशीच कानाची तिखट आहे. शेजारच्या इलेक्ट्रॉनांनी तिची जराशी ऊर्जा ओढली, की लगेच कळतं.

पण इतकी थंडी कशाला? इलेक्ट्रॉन म्हणजे इवलाले लोहचुंबक. साध्या खोलीत त्यांची गड्ड्याच्या यात्रेसारखी गत, जेवढे या दिशेला तेवढेच त्या दिशेला. दहा हजारांत जेमतेम पाच-सहांचा फरक. तेवढ्यावर काय कळणार? आमच्या फ्रिजमध्ये, निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या पन्नासाव्या भागावर, जवळजवळ सगळे एकाच बाजूला तोंड करतात. मग थोडे असले तरी पुरतात.

मागच्या महिन्यात मीच घोळ घातला. नायोबियमचा तो पातळ थर बाहेरून लावलेल्या चुंबकाच्या रेषांना समांतर हवा. तिरका बसला तर रेषा त्यात घुसतात, भोवरे होतात आणि ते ऊर्जा खातात. चिप मी घाईत चिकटवली होती. चुंबकाची ताकद वाढवत नेली, तशी स्क्रीनवरची टोकदार खाच, म्हणजे रेघ घुमत असल्याची खूण, पसरत पसरत गायबच झाली. फ्रिज गरम करून पुन्हा थंड करण्यात चार दिवस गेले. सर काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

दुसऱ्यांदा भिंगाखाली बसवली. चुंबकाची ताकद 0.25 टेस्लाजवळ आली आणि खाच हलली, म्हणजे रेघेला इलेक्ट्रॉन ऐकू आले. रात्रीचे दोन वाजले होते, नाहीतर तुम्हाला उठवलंच असतं.

आई, शेंगाचटणी संपली. संक्रांतीला येतेच आहे, पाठवू नकोस. बाबा, कानाचं मशीन खणात ठेवू नका. एकच वाक्य दोनदा सांगायला मला चालतं, आईला चालत नाही.

तुमची,
धाकटी